फेरोई भाषेतील शब्दक्रमभेद

फेरोई ही उत्तर अटलांटिक महासागरात नॉर्वे, आइसलँड व स्कॉटलंड यांच्या दरम्यान असलेल्या फेरो बेटांची भाषा होय. ती इंडो-यूरोपियन भाषाकुलाच्या जर्मानिक शाखेतील असून आइसलँडिकप्रमाणेच प्राचीन नॉर्सपासून निघाली आहे. अठरा बेटांच्या या समूहाची लोकसंख्या सु. ५४,००० आहे. राजकीय दृष्ट्या ही बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. चर्च, न्यायालय व शाळा यांची भाषा दीर्घकाळ डॅनिशच होती. १९४८ च्या स्वशासन कायद्याने फेरोईला प्रमुख भाषेचे स्थान मिळाले, मात्र डॅनिशचे शिक्षणही आवश्यक ठरविण्यात आले. त्यामुळे प्रौढ फेरोई भाषक हा बहुधा द्वैभाषिकच असतो. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

मुख्य वाक्यात फेरोईचा शब्दक्रम इतर स्कँडिनेव्हियन भाषांसारखाच आहे. वाक्यारंभी कर्ता, कर्म किंवा कालवाचक शब्द यांपैकी काहीही आले, तरी आख्यात दुसऱ्या स्थानी येते. ‘आज तो येत नाही’ हे फेरोईत ‘आज-येतो-तो-नाही’ अशा क्रमाने सांगावे लागते. आख्यात वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटेल. परंतु तीबाबत भाषकांमध्ये मतभेद नाही. मतभेद आढळतो तो गौण वाक्यात, आणि तोही आख्यात व नकारवाचक ‘इच्ची’ (नाही) हा शब्द यांच्या परस्परस्थानाविषयी. ‘त्याने न वाचलेले पुस्तक’ ही कल्पना संबंधी वाक्याने व्यक्त करताना बहुतेक भाषक ‘सुम हान इच्ची हेवुर लीसी’ (जे-तो-नाही-आहे-वाचलेले) असे म्हणतात. तथापि ‘सुम हान हेवुर इच्ची लीसी’ (जे-तो-आहे-नाही-वाचलेले) ही रचनाही ऐकिवात व लिखाणात आढळते, आणि काही भाषकांना ती ग्राह्य वाटते. आइसलँडिकमध्ये आख्यात आधी व नकार नंतर हाच नेहमीचा क्रम आहे, तर डॅनिशमध्ये अशा वाक्यात नकार आधीच यावा लागतो. म्हणजे एकाच भाषेत दोन्ही शेजाऱ्यांचे नियम वावरताना दिसतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘म्हणणे’, ‘वाटणे’ अशा क्रियापदांनंतर येणाऱ्या गौण वाक्यात मुख्य वाक्याचा क्रम वापरण्याची मुभा डॅनिशमध्येही आहे. त्यामुळे ‘मला वाटते, की…’ या प्रकारच्या वाक्यात आख्यात नकारापूर्वी आले, म्हणून प्राचीन नियम टिकून आहे असे ठरत नाही. खरी कसोटी संबंधी वाक्ये व अप्रत्यक्ष प्रश्न यांचीच. हा भेद न पाळता गोळा केलेली उदाहरणे फारशी उपयोगाची नाहीत.

या छोट्या भाषेतील एका शब्दाच्या स्थानाकडे भाषाशास्त्रज्ञांचे लक्ष लागण्याचे कारण सैद्धांतिक आहे. १९८० नंतरच्या काळात असा सिद्धांत पुढे आला, की आख्यातावर पुरुष व वचन दर्शविणारे प्रत्यय जेथे समृद्ध असतात, तेथेच गौण वाक्यातील आख्यात नकारापलीकडे सरकते. ‘फेकणे’ या अर्थाच्या क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे पाहिली असता हा सिद्धांत मोहक का वाटतो, ते लक्षात येते. आइसलँडिकमध्ये तीन पुरुष व दोन वचने मिळून चार वेगळी रूपे होतात; अनेकवचनातील तिन्ही पुरुषांची रूपे एकमेकांहून भिन्न असतात. डॅनिशमध्ये सर्वत्र एकच रूप चालते. फेरोई मधोमध उभी आहे : एकवचनी प्रथमपुरुषी ‘कास्ति’, द्वितीय व तृतीय पुरुषी ‘कास्तार’, आणि अनेकवचनात सर्व पुरुषी ‘कास्ता’. भूतकाळात तर केवळ एकवचन व अनेकवचन एवढाच भेद उरला असून, काही बोलींत आघातहीन अंत्य स्वर एकमेकांत मिसळल्याने तोही पुसट होतो. अर्धवट झिजलेल्या प्रत्ययांबरोबर अर्धवट बदललेला शब्दक्रम, असे हे चित्र आहे. मात्र प्रत्ययांचा लोप हे कारण व शब्दक्रमातील बदल हा परिणाम, असे सरळ समीकरण मांडणे धोक्याचे आहे. खुद्द डॅनिश व स्वीडिश भाषांच्या इतिहासात प्रत्ययांचा ऱ्हास व शब्दक्रमातील बदल हे एकाच वेळी घडलेले नाहीत.

मायकेल बार्न्‌झ यांनी १९८७ मध्ये या प्रश्नाची स्वतंत्र चर्चा केली. पुढे डायॅन जोनस यांनी १९९६ मध्ये फेरोईत दोन भिन्न व्याकरणे नांदत असावीत, असे प्रतिपादन केले. कॅरोलाइन हेकॉक, आन्तोनेल्ला सोराचे व झाकारिस हान्सन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेरोई, आइसलँडिक व डॅनिश भाषकांनी वाक्यांच्या ग्राह्यतेविषयी दिलेले निर्णय मोजून ताडून पाहिले. आजची फेरोई या बाबतीत डॅनिशच्या बरीच जवळ गेली आहे, असे त्यातून दिसते. भाषकाच्या मनातील निर्णय ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ अशा दोन टोकांत न बसता अधलेमधले असतात, हे मान्य करणारी ही पद्धती अशा विषयाला अधिक न्याय देते.

हा बदल डॅनिशच्या संपर्कामुळे झाला काय, याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. शतकानुशतकांचा डॅनिशचा सहवास दृष्टिआड करता येत नाही. भाषाशुद्धीच्या चळवळीने डॅनिश शब्द शोधून त्यांना फेरोई प्रतिशब्द दिले. उसना शब्द डोळ्यांना दिसतो, उसना क्रम दिसत नाही, त्यामुळे वाक्यरचनेकडे तिचे लक्ष तुलनेने कमीच गेले. परंतु डॅनिशने फेरोईची वाक्यरचना सरसकट गिळली, असेही नाही. कर्त्याची जागा रिकामी असलेल्या गौण वाक्यात एखादा शब्द आख्यातापुढे आणण्याची आइसलँडिकमधील लकब फेरोईने राखली आहे. आधुनिक डॅनिशमध्ये ती नाही. ‘काल पाऊस पडला’ यासारख्या वाक्यात आख्यातानंतर ‘ते’ हे अर्थशून्य सर्वनाम डॅनिशमध्ये अनिवार्य, आइसलँडिकमध्ये वर्ज्य आणि फेरोईत ऐच्छिक आहे. उलटपक्षी, नामरूप कर्म नकारापूर्वी नेण्याची आइसलँडिकमधील मोकळीक फेरोईत सामान्यतः आढळत नाही. तेथे डॅनिशप्रमाणे सर्वनामच सरकते.

ऐतिहासिक पुरावा तुटपुंजा आहे, ही मोठी अडचण होय. १२९८ चे ‘मेंढीपत्र’ व पंधराव्या शतकारंभीची काही पत्रे वगळता अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फेरोई लिखाण जवळजवळ नाहीच. येन्स क्रिस्टियान स्वाबो यांनी १७८१-८२ मध्ये बॅलड-गीते टिपून घेतली, १८२३ मध्ये मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर निघाले आणि १८४६ मध्ये व्ही. यू. हामेर्सहाइम्ब यांनी आजची लेखनपद्धती सिद्ध केली. यांपैकी गीतांतील शब्दक्रम छंदाला बांधलेला असतो, तर भाषांतरावर मूळ पाठाची छाया पडते. बोलीत जुना क्रम नेमका केव्हा मागे पडू लागला, हे अशा साधनांवरून ठरविणे कठीण आहे.

मुलांच्या भाषेवरील संशोधनाने या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले. लहान फेरोई मुले गौण वाक्यात आख्यात नकारापूर्वी ठेवण्याचा क्रम प्रौढांपेक्षा अधिक वापरतात आणि वाढत्या वयात तो सोडून देतात. जुन्या व्याकरणाचा हा वारसा मानावा, असा मोह होतो; परंतु ज्या स्वीडिशमधून तो क्रम केव्हाच गेला आहे, ती शिकणाऱ्या मुलांतही हीच प्रवृत्ती नोंदली गेली आहे. मुख्य वाक्याचा क्रम मुलाच्या कानी सर्वाधिक पडत असल्याने ते तोच गौण वाक्याला लावीत असावे.