गाळ जावा, वस्ती राहावी

घरातल्या फिशटँकच्या कोपऱ्यात काळ्या स्पंजचा एक गोळा बसवलेला असतो आणि त्याच्या मधून निघालेल्या उभ्या नळीतून बुडबुडे वर येत असतात. पाण्याखालच्या या यंत्रात मोटर नाही, पंखा नाही, फिरणारा एकही भाग नाही. टाकीबाहेरचा एअरपंप बारीक नळीने हवा तळाशी पोचवतो. ती हवा उभ्या नळीतून वर जाताना पाणी बरोबर घेऊन जाते आणि त्याची जागा घ्यायला चहूबाजूंचे पाणी स्पंजमधून आत शिरते. विष्ठा, उरलेले खाद्य, कुजलेल्या पानांचे तुकडे स्पंजवर अडकतात. हवेच्या जोरावर पाणी उचलण्याची ही युक्ती जर्मन अभियंता कार्ल इमॅन्युएल लोशर याने १७९७ साली काढली असे मानले जाते.

टाकी खोल असली की या साध्या यंत्राचे गणित बदलते. उभ्या नळीतल्या पाण्यात दहावा हिस्सा हवा आहे असे धरू. एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीचा हा स्तंभ बाहेरच्या पाण्यापेक्षा ३ सेंटिमीटर पाण्याइतका हलका होतो. दोन फुटांचा स्तंभ ६ सेंटिमीटरने हलका होतो. स्पंजमधून पाणी ओढणारा जोर तो एवढाच, पण खोलीबरोबर तो दुप्पट झाला. बोजा पडतो तो पंपावर. दोन फूट पाण्याच्या तळाशी हवा सोडायची तर वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६ टक्के जादा दाब लागतो. घरगुती एअरपंपात चुंबक बसवलेली दांडी विजेच्या तालावर सेकंदाला ५० वेळा थरथरते आणि रबराचा पडदा दाबते-सोडते. स्वस्तातल्या पंपाचा पडदा इथे दमतो. एक फुटाच्या टाकीत खळखळणारा फिल्टर खोल टाकीत एकेक बुडबुडा सोडत बसला, तर लगेच स्पंज धुवायला काढू नये. आधी पंप बघावा.

बाजारात फिल्टरबरोबर मिळणारी उभी नळी पुष्कळदा वीतभरच असते. ती तशीच ठेवली तर बुडबुडे वाटेतच मोकळ्या पाण्यात पसरतात आणि वरच्या दीड फुटाचा जोर वाया जातो. नळीला जोड देऊन तिचे तोंड पृष्ठभागापर्यंत नेले, की तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त पाणी ओढले जाते. मला विचाराल तर खोल टाकीत महागड्या फिल्टरपेक्षा हा जोड अधिक मोलाचा.

बुडबुड्यांमुळे पाण्यात प्राणवायू विरघळतो असे आपण सर्रास म्हणतो. विरघळतो, पण थोडा. दोन फुटांचा प्रवास बुडबुडा दोन-तीन सेकंदांत उरकतो. खरी देवाणघेवाण होते ती पाण्याच्या पृष्ठभागावर. १२० लिटर पाणी ३० सेंटिमीटर खोल टाकीत भरले तर त्याचा पृष्ठभाग ४,००० चौरस सेंटिमीटर असतो. तेच पाणी ६० सेंटिमीटर खोल टाकीत २,००० वर येते. उंच पंखांच्या एंजल माशांना किंवा ताटासारख्या डिस्कसना खोली आवडते, पण हवेशी पाण्याचा संपर्क निम्म्यावर येतो. तळाचे पाणी सतत वर आणणारा स्पंज फिल्टर म्हणूनच अशा टाकीत गाळणीपेक्षा मोठे काम करत असतो. तो तुंबला, तर केवळ पाणी गढूळ होऊन भागत नाही.

पण स्पंजचे खरे आश्चर्य त्याच्या छिद्रांत आहे. मासे अमोनिया बाहेर टाकतात, तोही मुख्यतः कल्ल्यांमधून. बंद टाकीत तो साठला तर माशांचा जीव घेतो. स्पंजच्या जाळीवर बुळबुळीत थर धरून राहणारे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते माशांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यासाठी निकामी करते आणि रक्त तपकिरी पडते. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बऱ्याच प्रमाणात सोसता येते आणि पाणी बदलताना निघून जाते. हे जिवाणू प्राणवायूचे मोठे गिऱ्हाईक आहेत. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, आणि २८ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो सगळा मिळून जेमतेम आठ मिलिग्रॅम मावतो.

या जिवाणूंचा छडा सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये लावला. कुजणाऱ्या अन्नावर न जगता अमोनियासारख्या निर्जीव रसायनातून ऊर्जा मिळवणारे जीव असू शकतात, हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. पुढे मत्स्यपालनाच्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी ठरून गेली. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा नायट्राइट खाणारा तिथला खरा जीव नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा निघाला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल मत्स्यालयाच्या एका टाकीतून नायट्रोसोप्युमिलस नावाचा सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला. तो जिवाणू नव्हेच, आर्किया या निराळ्या कुळातला. तरीही अमोनियावर जगणारा. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे सगळे काम एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्या वर्षी जाहीर झालेल्या दोन शोधांपैकी एक मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमधला होता. शंभर वर्षे दोघांचे मानलेले काम एकजण उरकतो, हे माशांच्या घाणीने शिकवले.

हे जीव फार सावकाश वाढतात. अनुकूल परिस्थितीत आतड्यातला इ. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना अर्धा दिवस ते दिवसभर लागतो. म्हणून नवी टाकी स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात, आणि म्हणूनच स्पंज धुणे हे जपून करायचे काम आहे. गाळ आणि जिवाणू दोघे एकाच छिद्रात राहतात. गाळ वाढला की पाण्याची वाट बंद होते, आतल्या थरांना प्राणवायू मिळेनासा होतो. गाळ उपसताना वस्तीही उपसली, तर दोन दिवसांत टाकीत अमोनिया चढतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतात.

नळाचे पाणी इथे घातकी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा क्लोरीन उरायला हवा, तो सूक्ष्मजीव मारण्यासाठीच. वाहत्या नळाखाली स्पंज चोळणे म्हणजे त्या वस्तीवर क्लोरीनचा मारा करणे. साबणाचे तर नावच नको. पाणी बदलताना टाकीतून काढलेले एक बादली पाणी बाजूला ठेवावे आणि त्यातच स्पंज धुवावा. टाकीत भरायच्या नव्या पाण्यात दुकानात मिळणारे हायपोचे खडे किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकावेत.

आता खोल टाकीची खरी अडचण. टाकी दोन फूट आणि खालचे स्टँड अडीच फूट, म्हणजे काठ आपल्या खांद्याच्या आसपास. स्टुलावर चढून हात काखेपर्यंत बुडवावा तेव्हा कुठे बोटे फिल्टरच्या बुडाला लागतात. उभी नळी धरून स्पंज तसाच वर ओढला, तर दोन फुटांच्या वाटेवर तो गाळ सोडत येतो. तपकिरी ढग उठतो आणि महिनाभर गोळा केलेली घाण मिनिटात टाकीभर होते. त्यासाठी प्लॅस्टिकची मोठी पिशवी घ्यावी. हीटर आधी बंद करावा. हात साध्या पाण्याने खळखळून धुवावेत, क्रीम किंवा साबण अंगावर नको. पिशवी पाण्यात नेऊन तिच्यातली हवा पूर्ण काढावी, नाहीतर ती फुगून हातातून वर पळते. मग एका हाताने फिल्टर किंचित उचलून दुसऱ्या हाताने पिशवी बुडाखालून वर चढवावी आणि तोंड उभ्या नळीभोवती मुठीत धरावे. हवा तोवर चालू राहू द्यावी. हवा थांबली की ओढ थांबते आणि वर चिकटलेला गाळ गळू लागतो. तोंड बंद झाले की पंप बंद करावा आणि पिशवीसकट सगळे सावकाश वर घ्यावे. पाण्यात वजन जाणवत नाही. पृष्ठभाग ओलांडताच पिशवीतल्या पाण्याचा भार एकदम मनगटावर येतो. बादली हाताशी, काठाच्या उंचीला ठेवलेली बरी.

दर वेळी एवढा खटाटोप करायला हवा असेही नाही. पाणी काढायच्या सायफन नळीचे तोंड स्पंजच्या अंगावरून हळूहळू फिरवले तरी बाहेरचा बराच गाळ निघून जातो.

बादलीत स्पंज पिळू नये, दाबून सोडावा. पहिल्याच दाबाला पाणी कॉफीसारखे होते. चार-पाच वेळा दाबले की पुरे. शेवटचे पाणी थोडे गढूळ असतानाच थांबावे. स्पंज नव्यासारखा दिसला तर जास्त धुतला असे समजावे. उभ्या नळीच्या आतले शेवाळ बाटली घासायच्या ब्रशने काढावे, आत एअरस्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र खडा, असेल तर तोही पाहावा. हवा कमी येण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते. परत बसवताना स्पंज पाण्याखाली दाबून त्यातली हवा घालवावी, नाहीतर तो तरंगत राहतो. दुहेरी स्पंज असेल तर या खेपेला एक, दोन आठवड्यांनी दुसरा. बादलीतले काळे पाणी कुंड्यांना घालावे. झाडांना ते फार मानवते.

किती दिवसांनी धुवावा याला पंचांग नाही. माशांची संख्या आणि घातलेले खाद्य यांवर ते ठरते. बऱ्याच घरांत महिन्याच्या आसपास वेळ येते. पंप ठीक असूनही नळीच्या तोंडातून येणारे पाणी मंदावले, किंवा बुडबुडे नळीऐवजी स्पंजच्या अंगातून फुटू लागले, की वेळ आली.

वीज जाते तेव्हा ओढ थांबते आणि स्पंजमधली वस्ती जवळचा प्राणवायू लवकर संपवते. उघड्या पाण्यात असल्याने तिचे हाल डबाबंद कॅनिस्टर फिल्टरइतके होत नाहीत, तरी तासन्‌तास लोडशेडिंग असणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असावा. पंप स्टँडच्या कप्प्यात, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर हवेच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर वीज जाताच टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.

स्पंजमध्ये सूक्ष्मजीवांची वस्ती राखण्याच्या तत्त्वाचा मोठा अवतार सांडपाणी शुद्ध करण्यासाठी हरियाणातल्या करनाल इथे उभा राहिला. जपानी शास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या पद्धतीत सांडपाणी उंचावरून स्पंजच्या तुकड्यांवर झिरपत खाली येते. स्पंज पाण्यात बुडालेले नसून हवेत असतात, त्यामुळे पंपाने हवा द्यावी लागत नाही. गाळ स्पंजमध्ये दीर्घकाळ राहतो, तिथले सूक्ष्मजीव तोच खाऊन टाकतात आणि काढून टाकायला फारसे उरत नाही. माशांच्या टाकीत ही चैन नाही. बुडालेल्या स्पंजला हात लावावाच लागतो.

काही वर्षांनी स्पंजचा ताठपणा जातो, दाबला की तो पुन्हा फुगत नाही. तेव्हाही जुना काढून नवा बसवणे चुकीचे. नवा स्पंज जुन्याशेजारी पाच-सहा आठवडे चालू ठेवावा आणि जुना दाबून निघालेले थोडे पाणी त्यावर सोडावे, दुधाला विरजण लावावे तसे. खोल टाकीत दोन्ही चालवताना हवेचा प्रवाह वाटणाऱ्या चाव्या नीट लावाव्या लागतात. दोन स्पंज समान खोलीवर नसतील तर हवा कमी दाबाची वाट धरते आणि उथळ जागेतला एकटाच बुडबुडे सोडत राहतो.