अधिक महिना आणि कारखान्याचा आलेख

आज पोलादावर लिहायचं ठरलं होतं. भिलाई आणि आनशान मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण गेल्या लेखातला तक्ता पाहून नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘भारताच्या रकान्यात बारा आकडे आहेत, चीनच्या रकान्यात अकराच. जानेवारी गेला कुठे?’ हा माझ्या फार आवडीचा विषय, तेव्हा आज एवढंच.

चीनचं सांख्यिकी खातं जानेवारी-फेब्रुवारीच्या औद्योगिक उत्पादनाचा एकच आकडा काढतं, तोही मार्चच्या मध्यावर. कारण चिनी नववर्ष. चांद्र तिथीमुळे ते कधी जानेवारीच्या अखेरीस येतं, तर कधी फेब्रुवारीत. ग्वांगदोंगच्या कारखान्यांतले मजूर हुनान, सिचुआनमधल्या आपापल्या गावी जातात. सरकारी सुट्टी आठवडाभराचीच, पण सगळे हात कामावर परतायला त्याहून बराच वेळ लागतो. २०२३ मध्ये नववर्ष २२ जानेवारीला होतं, २०२४ मध्ये १० फेब्रुवारीला. नुसता जानेवारी जानेवारीशी ताडून पाहिला असता, तर २०२४ मध्ये चीन उसळल्यासारखा दिसला असता आणि पुढच्याच महिन्यात आपटल्यासारखा. दोन्ही महिने मिळून वाढ निघाली ७ टक्के.

आपण असे महिने जोडत नाही. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, म्हणजे दोन्ही एकाच महिन्यात. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला एकदा दिवाळीचं कुलूप लागलं की ते भाऊबीज झाल्याशिवाय निघत नाही, आणि बिहारकडचे कामगार छठ आटोपूनच परततात. त्या ऑक्टोबरात आपला निर्देशांक आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी घसरला. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं, आणि पहिल्या अंदाजानुसार ऑक्टोबरची वाढ ११.७ टक्के, तर नोव्हेंबरची २.४ टक्के आली. महिन्याभरात उद्योगांचं एवढं काही बिनसलं नव्हतं. सुट्ट्या सरकल्या होत्या.

आता तारखा पुन्हा पाहा. दिवाळी १९ दिवसांनी पुढे गेली, चिनी नववर्षही १९ दिवसांनीच. हा योगायोग नव्हे. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण होता आणि चिनी पंचांगात दुसरा महिना दोनदा आला. तेरा चांद्रमासांचे होतात ३८४ दिवस. त्यातून ३६५ वजा केले की उरतात १९. दोन्ही देशांच्या कारखान्यांच्या आलेखात अधिक महिना असा लख्ख दिसतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

माझ्या मते आपल्याकडचे ऑक्टोबर-नोव्हेंबरही एकत्रच वाचावेत. २०२३ साठी सरासरी काढली तर तीही ७ टक्क्यांच्या आसपास येते. मात्र दोन्हीकडे सात आले म्हणून बरोबरी झाली असं कृपया धरू नका. आपला निर्देशांक ठरावीक वस्तूंचं उत्पादन किती झालं ते मोजतो. चीनचा आकडा मूल्यवर्धनाचा, त्यातही वर्षाला किमान २ कोटी युआनचा धंदा करणाऱ्या उद्योगांपुरता. भोसरीतल्या त्या वर्कशॉपएवढा चिनी कारखाना या मासिक आकड्यात बहुधा येणारच नाही.

तक्त्यात चीनचा पहिला आकडा दोन महिन्यांचा समजावा. पोलाद पुढच्या आठवड्यात.