वळणाचा धक्का जातो कुठे?

जुन्या जीपच्या मागच्या चाकाचा हब एक्सलवरून सुटतो तेव्हा बार काढल्यासारखा आवाज होतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझा चहा सांडला नसता. मिस्त्रींनी पुलर आवळून ठेवला, बोल्टच्या डोक्यावर घणाचा एक टोला हाणला आणि ठो! पत्र्यावरची कबुतरं उडाली. हबही उडाला असता, पण "नट पुरता काढू नकोस, चार आटे राहू दे," असं त्यांनी हाताखालच्या पोराला आधीच बजावलं होतं. एक्सलचं टोक निमुळतं, हब त्यावर भलामोठा नट आवळून चेपलेला. वर्षानुवर्षं रुतलेला हब हळूच निघून येत नाही.

तक्रार साधीच होती. डाव्या ड्रममधून तेल ओघळत होतं आणि वळणावर घरघर ऐकू येत होती. पण ते तेल ब्रेकच्या लायनरवर पसरतं, आणि तेलकट लायनर घेऊन घाट उतरायची हौस कुणालाच नसते.

गाडी विलीजच्या घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या जीपचं हे नागरी रूप. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी ते मुंबईत, माझगावला जोडायला घेतलं आणि पुढची कित्येक दशकं आपल्याकडे 'जीप' म्हटलं की हाच चेहरा डोळ्यांपुढे यायचा.

बाहेरून मागचा एक्सल एकसंध दांडा वाटतो. आत मात्र दोन वेगळे शाफ्ट असतात, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. प्रत्येक शाफ्टच्या बाहेरच्या टोकाशी एक टेपर रोलर बेअरिंग. गॅरेजच्या भाषेत कप आणि कोन: कोन शाफ्टवर, कप हाउसिंगमध्ये, मध्ये निमुळते रोलर.

निमुळतेच का? सांडलेल्या चहाचा ग्लास आडवा करून मी बाकावर ढकलला. सरळ गेला नाही, बारीक बुडाकडे वळत गोल फिरला. निमुळत्या वस्तूला एका बिंदूभोवती फिरणंच सोपं जातं. बेअरिंगमध्ये कपाची, कोनाची आणि प्रत्येक रोलरची उतरती बाजू मनातल्या मनात लांबवत नेली, तर त्या सगळ्या रेषा शाफ्टच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. म्हणून रोलर घसटत नाहीत, लोळतात. आणि तिरके असल्यामुळे ते गाडीचं वजनही पेलतात आणि आडवा धक्काही. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये याचं पेटंट घेतलं. मोटारींचं युग उजाडतच होतं, पण आडव्या धक्क्याचं दुखणं घोडागाडीलाही होतंच.

एक अडचण मात्र उरते. असं बेअरिंग आडवा धक्का एकाच बाजूचा घेतं. या एक्सलमधली दोन्ही बेअरिंगं शाफ्टला बाहेर निसटू देत नाहीत, पण आत ढकललं तर अडवत नाहीत. मग आतला धक्का कोण घेतं?

पलीकडचं बेअरिंग! दोन्ही शाफ्टांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या पोटात, त्यांच्या मधोमध, पोलादाचा एक ठोकळा असतो. जीप डावीकडे वळली की रस्ता दोन्ही चाकांना डावीकडे रेटतो. उजवं चाक आत दाबलं जातं, त्याचा शाफ्ट ठोकळ्याला टेकतो, ठोकळा डाव्या शाफ्टला आणि तो धक्का अख्खा एक्सल ओलांडून डाव्या बेअरिंगवर येतो. वळताना गाडीचं वजन झुकतं उजवीकडे, पण दोन्ही चाकांचा आडवा धक्का सोसतं डावं बेअरिंग. हे समजल्यापासून वळणावर मी उगाचच आतल्या चाकाचा विचार करत बसतो.

एवढ्या साखळीत कुठेतरी किंचित मोकळीक हवी. एक्सलच्या टोकाला, ब्रेकच्या बॅकप्लेटमागे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. शिम काढली की शाफ्ट आवळतो, घातली की सैलावतो. मोकळीक ठेवायची ती इंचाच्या काही हजारांश भागांइतकी. अगदी आवळलं तर बेअरिंग तापून जळतं, फार सैल सोडलं तर वळणागणिक ठोके बसतात.

आता तेल. विलीजच्या पद्धतीत डिफरन्शियलचं ऑइल आतल्या सीलपाशी थांबायचं, बेअरिंगचं ग्रीस बाहेरच्या सीलपाशी. आतलं सील गेलं की ऑइल ग्रीसला पातळ करत बाहेर निघतं. जुनं सील मी हातात घेतलं: रबराची धार दगडासारखी कडक झालेली, तिच्यामागे करगोट्यासारखी बारीक गोल स्प्रिंग. मला वाटत होतं, ही धार शाफ्टला घट्ट चिकटून तेल अडवत असेल. तसं नाही. फिरत्या शाफ्टवर ती तेलाच्याच, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या थरावर तरंगते, आणि चांगलं सील त्या थरातलं तेल सतत आत परत ढकलत राहतं. अडवायचंय तेच तेल तिला वाचवतं. थर तुटला की धार कोरडी घासून जळते.

मिस्त्रींनी मग हाउसिंगवरचा चिमुकला ब्रीदर तारेने साफ केला. तो मातीने बुजला की तापलेली हवा सीलमधूनच वाट काढते. आणि गरम एक्सल ओढ्याच्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसून तिथूनच पाणी ओढून घेते. नवं सील महिन्यात गळलं म्हणून सीलला शिव्या देणाऱ्यांनी आधी तिथे बघावं.

नवा कोन तेलात तापवून घेतला. ८० अंशांनी तापमान वाढलं तर ३२ मिलिमीटरचं भोक जेमतेम ०.०३ मिलिमीटर फुगतं, पण तेवढ्याने तो शाफ्टवर अलगद उतरला. कप बसले, सील बसली, शिमा एकदा काढून पुन्हा घातल्या.

"तिकडं जा, उजव्या शाफ्टच्या टोकावर बोट ठेवा," मिस्त्री डाव्या बाजूने म्हणाले.

ठेवलं. त्यांनी डावा शाफ्ट अंगठ्याने आत दाबला. माझ्या बोटाखाली टिक् झालं.