संगणक पदविका : महाविद्यालय निवडताना

दहावीचा निकाल लागला की उधना-लिंबायत परिसरातील दवाखान्यांत प्रकृतीपेक्षा प्रवेशाचीच चौकशी अधिक होते. "डॉक्टरसाहेब, पोराला कॉम्प्युटरला घालायचं आहे, कोणतं कॉलेज चांगलं?" या प्रश्नावर मी उलट विचारतो, "तीन वर्षांनी त्याला कोठे पाठवायचे आहे?" महाविद्यालयाची निवड या उत्तरावर अवलंबून असते, इमारत आणि जाहिरात यांचा विचार त्यानंतरचा.

गुजरातमध्ये दहावीनंतरची संगणक अभियांत्रिकी पदविका तीन वर्षांची आहे. आपल्याकडील बहुतेक पदविका महाविद्यालये 2007 साली स्थापन झालेल्या गुजरात तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदविकाधारकास बारावी न करता अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो, हे या मार्गाचे खरे आकर्षण. मात्र 2024 पासून त्यासाठी राज्यात सामाईक परीक्षा सुरू झाली. म्हणजे केवळ पदविकेचे गुण पुरेसे नाहीत. गणिताचा पाया कच्चा ठेवणारे महाविद्यालय विद्यार्थ्यास पुढे महागात पडते. म्हणून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमास व चालू वर्षासाठी आहे का, हे आधी पाहावे. नंतर पहिल्या दोन सत्रांचे निकाल विचारावेत. अंतिम वर्षाचा निकाल सर्वच सांगतात. पहिल्या सत्रात किती मुले अडखळली, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही.

आपण वैद्यकीय महाविद्यालय पाहताना वर्गखोल्यांपेक्षा संलग्न रुग्णालयातील खाटा व बाह्यरुग्ण विभाग पाहतो. येथे तीच कसोटी प्रयोगशाळेला लावावी. एका संगणकावर दोन-तीन मुले बसत असतील, तर एकजण टंकतो आणि उरलेले पाहतात. प्रोग्रॅमिंग पाहून येत नाही, जशी टाके घालण्याची कला पाहून येत नाही. शनिवारी दुपारी पूर्वसूचना न देता फेरी मारावी, आणि प्राचार्यांपेक्षा फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे.

अमेरिकेत स्थायिक आप्तांकडून 'असोसिएट डिग्री' हा शब्द कानी येतो. ती तेथील बारावीनंतरची, साधारण साठ क्रेडिटची दोन वर्षांची पदवी असून बहुधा कम्युनिटी कॉलेजात मिळते. तिचे दोन प्रकार पालकांच्या लक्षात येत नाहीत. 'असोसिएट ऑफ सायन्स' हा पुढे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्यासाठी आखलेला असतो. 'अप्लाइड सायन्स' मुख्यतः नोकरीसाठी, आणि त्याची क्रेडिट्स पुढे अनेकदा पूर्णपणे धरली जात नाहीत. कोणते विद्यापीठ कोणते विषय स्वीकारते, याचा लेखी करार मागावा. येथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तंत्रज्ञान शाखांतील प्रशिक्षणाची 24 महिन्यांची वाढीव मुदत केवळ असोसिएट पदवीवर मिळत नाही, त्यासाठी किमान बॅचलर पदवी लागते.

राहता राहिला आपल्या घरचा प्रश्न. सुरतेत राहणारी काही कुटुंबे मुलाला दहावीसाठी धुळे-नंदुरबारकडे आजोळी ठेवतात. पदविकेच्या प्रवेशात दहावी कोणत्या राज्यातून झाली याला महत्त्व असते, गुजरातेत आणि महाराष्ट्रातही. तेव्हा दोन्ही राज्यांच्या प्रवेश-पुस्तिका मूल आठवीत असतानाच वाचाव्यात. शाळा सोडल्याचा दाखला काढल्यावर नव्हे.