दहा पौंडांचा वारसा

इंग्लंडच्या दक्षिणेला, पूर्व ससेक्समध्ये, ककमिअर नदीच्या काठी ऑल्फ्रिस्टन हे गाव आहे. तिथल्या सेंट अँड्र्यू चर्चशेजारी गवताने शाकारलेले लाकडी घर दिसते, ते ऑल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस. पुढे पाद्र्यांच्या वापरात आलेले हे घर मुळात सुखवस्तू शेतकऱ्यासाठी बांधले गेले असावे, असे मानतात. इ.स. 1400च्या आसपासची ही वास्तू ‘वील्डन’ पद्धतीची आहे.

या पद्धतीत मधोमध जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळा असलेला दिवाणखाना आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या असतात. टोकांचे वरचे मजले थोडे पुढे काढलेले, पण वळचण मात्र सरळ एका ओळीत. त्यामुळे मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा सारा भार पेलतो आणि मधल्या चौकटी कुडाच्या भिंतींनी भरल्या जातात. अशा घरांत धुराडे नसे. दिवाणखान्याच्या मध्यभागी आग पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. ऑल्फ्रिस्टनच्या दिवाणखान्याची जमीनही पाहण्याजोगी आहे: चॉकचा चुरा ठोकून बसवलेला आणि वरून आंबट दूध घालून घट्ट केलेला.

19व्या शतकाच्या अखेरीस घर इतके मोडकळीला आले, की ते पाडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. गावचे धर्मगुरू बेनन यांनी ते वाचवण्याचा ध्यास घेतला. 1895मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी नॅशनल ट्रस्ट स्थापन केला होता. ट्रस्टने 1896मध्ये हे घर 10 पौंडांना घेतले. ट्रस्टच्या मालकीची ही पहिली इमारत. दुरुस्ती वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल यांनी केली. विल्यम मॉरिस यांनी 1877मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तू संरक्षण संस्थेचा तेव्हा आग्रह होता, की जुन्या वास्तूला नवा मुखवटा चढवू नये, आहे ते सांभाळावे.

दिवाणखान्यातल्या एका कोरीव ओकपानावरूनच ट्रस्टचे बोधचिन्ह सुचले, असे सांगितले जाते. आज ट्रस्टकडे मोठमोठे वाडे आहेत. तरी सुरुवात झाली ती अशा घरापासून, जिथे ना राजा राहिला, ना लढाई झाली. सामान्य माणसे कशी राहत, काय बांधत, हाताशी असलेल्या लाकूड-मातीतून निवारा कसा उभा करत, हेही जपण्याजोगे आहे, हे त्या पहिल्या खरेदीने मान्य केले. वारसा मोजताना मालकाच्या मोठेपणाइतकाच कारागिराचा हातही पाहायला हवा.