सेनिओच्या उजव्या हाताला कोण होतं?

इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईचा उरलेला भाग आज द्यायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या आठवड्यात. कारण यवतच्या एका माजी सैनिकांनी पाटसच्या स्टँडवर गाठून विचारलं, "केरेनला आपली पोरं इटालियनांशी लढली म्हणता. मग व्हिक्टोरिया क्रॉस इटलीत कसे मिळाले? तिथं इटालियन कुठल्या बाजूला होते?"

दोन्ही. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि सैन्य दुभंगलं. उत्तरेत मुसोलिनीच्या नव्या राजवटीसाठी काही जण जर्मनांबरोबर राहिले, दक्षिणेतल्या सरकारने १३ ऑक्टोबरला जर्मनीशीच युद्ध पुकारलं.

यात माझी लाडकी पलटण म्हणजे क्रेमोना. २१वी आणि २२वी अशा तिच्या दोन पायदळ रेजिमेंटी. शस्त्रसंधीच्या वेळी त्या कॉर्सिका बेटावर होत्या आणि कालच्या दोस्तांवर, म्हणजे जर्मनांवर, त्यांनी तिथंच बंदुका रोखल्या. पुढे त्यांच्या अंगावर ब्रिटिश गणवेश चढला, हातात ब्रिटिश हत्यारं आली. आपली ओळख म्हणून बाहीवर तिरंगी पट्टी, हिरवी-पांढरी-लाल. १९४५च्या सुरुवातीला त्या राव्हेन्नाजवळ आघाडीवर पोहोचल्या. जंगलदलदलीत जर्मनांशी झुंजलेले स्थानिक पार्टिझान तरुणही त्यांच्यात भरती झाले. हे शिस्तीच्या सैन्याला पचायला सोपं नसणार, पण माणसं मिळाली.

आता तिथली सेनिओ नदी. आपल्या भीमेपुढे ती ओढाच. अडचण पाण्याची नव्हती, बांधांची होती. दोन्ही काठांना कालव्याच्या भरावासारखे उंच मातीचे बांध, आणि त्यांच्या पोटात जर्मनांनी खणलेली भुयारं. ९ एप्रिलला दुपारी विमानांनी बॉम्ब टाकले, मग तोफा, मग आग ओकणारी वाहनं. संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन नदीत उतरली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन तिच्यात होती.

त्या बटालियनचा नामदेव जाधव हा नगर जिल्ह्यातल्या निमजचा, कंपनीचा निरोप्या. त्याने दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या चढावरून सुखरूप आणलं. मग एकट्याने मशीनगनची ठाणी मारली. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन सुटली, तेव्हा हातबॉम्ब वापरले. आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढं बोलावलं. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस तो याचाच.

उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला, आठव्या डिव्हिजनच्या पलीकडचा पट्टा क्रेमोनाचा. दुसऱ्याच दिवशी, १० एप्रिलला, तिचे शिपाई आल्फोन्सिने गावात शिरले. चार वर्षांपूर्वी केरेनच्या डोंगरावर इटालियन शिपाई मराठ्यांवर गोळ्या झाडत होते. इथं तेच सैन्य त्यांची एक बाजू राखत होतं. आपल्याकडे जाधवांची गोष्ट सांगताना हा शेजार हमखास गाळला जातो. मला ते खटकतं.

इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा दुसरा मराठा गडी म्हणजे यशवंत घाडगे, टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ला पडलेला, त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचा. केरेनला त्याच बटालियनचा कमांडिंग ऑफिसर होता डेनिस रीड. हा गृहस्थ १९४२मध्ये वाळवंटात पकडला गेला, इटलीत कैदेत राहिला, तिथून निसटला, आणि १९४४मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनचा सेनापती म्हणून पुन्हा इटलीत लढला. घाडगेंची बटालियन त्याच डिव्हिजनमध्ये होती. पुढच्या आठवड्यात केरेनचा डोंगर चढायचा तो याच रीडच्या मागून.