घड्याळ म्हणते ‘सर्व ठीक’, मग दिवसभर झोप का येते? सौम्य स्लीप ॲप्निया घरी कसा तपासतात आणि त्यावर उपाय काय?

घोरण्याचा आवाज अचानक थांबतो. काही सेकंद शांतता. मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास आणि पुन्हा घोरणे सुरू. शेजारी झोपलेल्याला हे सगळे ऐकू येते. घोरणाऱ्याला मात्र सकाळी काहीच आठवत नाही. जाणवते ते जड डोके, कोरडा घसा आणि दुपारची अनावर झोप.

स्लीप ॲप्निया म्हणजे काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट अरुंद होते किंवा बंद पडते. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच उथळ झाला, की ती एक घटना धरली जाते. तासाला अशा सरासरी किती घटना घडल्या, त्यावरून तीव्रता ठरते. ही सरासरी म्हणजेच ‘एएचआय’. ५ पेक्षा कमी असेल तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

स्मार्टवॉचवर विसंबता येईल का?

२०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सॅमसंग आणि ॲपलच्या घड्याळांतील स्लीप ॲप्नियाविषयक सुविधांना मंजुरी दिली. मात्र, त्या मध्यम ते तीव्र आजाराची लक्षणे टिपण्यासाठी आहेत. त्यामुळे घड्याळाने इशारा दिला नाही, याचा अर्थ सौम्य ॲप्निया नाही असा होत नाही.

घरी चाचणी कशी होते?

डॉक्टरांच्या सल्ल्याने एका रात्रीसाठी छोटे यंत्र घरी आणता येते. नाकाशी श्वास मोजणारी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, अशी साधारण मांडणी असते.

इथे एक गणित लक्षात घ्यायला हवे. यातील बहुतेक यंत्रे मेंदूच्या लहरी मोजत नाहीत. त्यामुळे माणूस नेमका किती वेळ झोपला, हे त्यांना कळत नाही. घटनांची संख्या ते नोंदणीच्या एकूण वेळेने भागतात. समजा, ७ तासांच्या नोंदणीत २८ घटना दिसल्या, तर आकडा येतो ४, म्हणजे सामान्य. पण प्रत्यक्ष झोप ५ तासच झाली असेल, तर तोच आकडा ५.६ होतो, म्हणजे सौम्य ॲप्निया. म्हणूनच अहवाल ‘नॉर्मल’ आला, पण त्रास कायम असेल, तर स्लीप लॅबमध्ये रात्रभराची सविस्तर तपासणी (पॉलिसोम्नोग्राफी) करून घ्यायला सांगितले जाते.

घरच्या घरी काय करता येईल?

- कुशीवर झोपा : अनेकांना उताणे झोपल्यावरच जास्त त्रास होतो. टी-शर्टच्या पाठीला टेनिस बॉल शिवणे हा जुना उपाय काहींना उपयोगी पडतो.
- वजन : अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनातील १० टक्के घटीबरोबर एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.
- झोपण्यापूर्वी मद्य नको : त्याने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.
- नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार घ्या.

मशीन लागतेच का?

प्रत्येकाला नाही. दंतवैद्याकडून मापाने बनवलेले, खालचा जबडा किंचित पुढे धरणारे उपकरण सौम्य ॲप्नियात चांगला पर्याय ठरते. दिवसा झोप येणे किंवा उच्च रक्तदाब असे त्रास असतील, तर मास्कमधून हवेचा दाब देणारे ‘सीपॅप’ मशीनही सुचवले जाते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहिले असेल किंवा रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञांना भेटा. जाताना रात्री घोरण्याचे मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग सोबत न्या; शक्य असेल तर ते ऐकणाऱ्या जोडीदारालाही. आणि गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर अहवालातला आकडा कितीही असो, तपासणी होईपर्यंत स्टिअरिंगपासून दूर राहा.